भरील की भरतील?

जानेवारीत मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा लागला की आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक चर्चा ठेवतात, आणि दरवर्षी ती त्याच दोन खड्ड्यांत जाऊन रुतते. यंदा निमित्त होतं 'आणि/किंवा'. कोणीतरी एका मराठी नोटिशीची झेरॉक्स आणली होती. पाऊण पानाच्या मजकुरात हा जोड सात वेळा आला होता. लगेच दोन फळ्या पडल्या. एका फळीचं म्हणणं, हे इंग्रजी 'अँड/ऑर'चं उष्टं आहे, मराठीच्या ताटात नको. दुसरीचं म्हणणं, भाषा वाहती असते, तिला बांध घालणारे तुम्ही कोण? दोन तास हे चाललं. चहा झाला, कांदाभजी संपली. त्या नोटिशीत नेमकं कोणी काय करायचं होतं, हे विचारावंसं मात्र एकालाही वाटलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'आणि/किंवा' कुठून आलं याच्याशी मला कर्तव्य नाही. वाक्यात कोणाला मुभा द्यायची असेल तर ते फार तर कुरूप दिसतं, कोणाचं काही बिघडत नाही. पण वाक्यात कोणावर काम किंवा खर्च टाकायचा असेल, तर त्याच तिरक्या रेघेतून जबाबदारी गळून जाते. म्हणून करारातून, नोटिशीतून, सोसायटीच्या नियमांतून ते काढून टाकलं पाहिजे. आणि ते काढण्यासाठी भाषाशुद्धीची शपथ घ्यायची काहीच गरज नाही.

शुद्धिवाद्यांचा युक्तिवाद आमच्या किनाऱ्यावर तर मुळीच टिकत नाही. इथला माणूस पगार, चावी, साबण, बटाटा, काजू हे सगळे पोर्तुगीज शब्द दिवसभर तोंडात घोळवतो, आणि ज्या फळावर त्याचं वर्षाचं गणित उभं असतं त्या हापूसच्या नावात आफोन्सो द आल्बुकर्क बसलेला आहे. कचेरीत गेलं तर अर्ज, वारस, दस्त, कब्जा, तारीख. फारसी-अरबी वगळली तर तहसीलदारालाही तोंड उघडता येणार नाही, कारण त्याचा हुद्दाच तिकडून आलेला. हे शब्द काढायचा प्रयत्न आपल्याकडे झाला, आणि तोही ऐऱ्यागैऱ्याने केला नाही. राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही पदनामांपुरते टिकले. पण साडेतीनशे वर्षांनंतर त्याच रायगडच्या पायथ्याचा शेतकरी आजही 'अर्ज'च करतो. जिथे महाराजांचं फर्मान पुरं पडलं नाही तिथे पंधरवड्याचा ठराव काय करणार? (आणि 'फर्मान'ही फारसीच.)

दुसऱ्या फळीचा याहून भारी मुद्दा विरामचिन्हांचा आहे, आणि तो मी मान्य करतो. मोडीत लिहिलेलं जुनं खत पाहिलंत तर शब्दांमध्ये मोकळी जागासुद्धा सापडायची नाही, मग स्वल्पविराम कुठला? आज आपण जी चिन्हं सर्रास वापरतो ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. प्रश्नचिन्ह चालतं, मग तिरक्या रेघेनेच काय घोडं मारलंय?

रेघेने काही मारलेलं नाही, पण ती बिचारी आधीच चार घरची धुणी धुते आहे. सातबारा घ्या. ७/१२ मधली रेघ म्हणजे 'आणि': गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही मिळून एक उतारा. त्याच उताऱ्यावर भूमापन क्रमांक ४५/२ असेल तर तिथे रेघ म्हणजे 'पंचेचाळीसचा दुसरा हिस्सा'. अर्जात 'श्री./श्रीमती' असेल तर रेघ म्हणजे 'की', एक खोडा. आणि 'रु. ५००/-' मध्ये ती नुसतं कुंपण घालते, पुढे कोणी शून्य वाढवू नये म्हणून. एवढे अर्थ वाहणारी रेघ 'आणि' व 'किंवा' या दोन शब्दांच्या मध्ये उभी केली, तर ती स्वतः कोणत्या अर्थाने उभी आहे हे वाचणाऱ्याने कशावरून ठरवायचं? 'आणि' आणि 'किंवा'? की 'आणि' किंवा 'किंवा'?

यावर जाणकार सांगतात की अर्थ ठरलेला आहे: हे, ते, किंवा दोन्ही. बरोबर. नुसत्या 'किंवा'ने हे तिन्ही सांगता येत नाहीत, हेही बरोबर. आमच्या नाक्यावरच्या खानावळीच्या फळीवर लिहिलेलं असतं, 'थाळीसोबत सोलकढी किंवा ताक'. तुम्ही दोन्ही मागून बघा. दुसऱ्याचे पैसे वेगळे पडतात. म्हणजे इथे 'किंवा'चा अर्थ एकच काहीतरी. उलट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असतं, 'येताना आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र आणावे'. तुम्ही दोन्ही घेऊन गेलात म्हणून ग्रामसेवक काही हाकलून देत नाही. म्हणजे इथे 'किंवा'त दोन्ही धरलेलं आहे. बोलताना आपण अडत नाही, कारण मराठीत त्यासाठी 'की' आहे. 'सुरमई की पापलेट?' असं विचारलं की एकच ताटात येणार हे पोरालाही कळतं. पण 'की' प्रश्नात शोभतो, करारात नाही. तेव्हा लेखी मराठीत एक फट आहे, आणि ती बुजवायला काहीतरी हवं, इथवर मी दुसऱ्या फळीसोबत आहे.

पण त्या खानावळीच्या फळीकडे पुन्हा बघा. मालकाने 'सोलकढी आणि/किंवा ताक' का लिहिलं नाही? त्याला इंग्रजी येत नाही म्हणून? त्याचा मुलगा मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट शिकला आहे, फळी तोच रंगवतो. त्याने तसं लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाने दोन्ही वाट्या मागितल्या असत्या, आणि त्या त्याच्या खिशातून गेल्या असत्या. ज्याच्या खिशाला चाट बसते तो 'आणि/किंवा' लिहीत नाही, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता मला तो नियमच वाटतो. बँकेत जॉइंट खातं उघडा. आई गावी, मुलगा बोरिवलीला, असं खातं आमच्याकडे घरटी एक असतं. फॉर्मवर बँक स्पष्ट विचारते: दोघांच्या सह्या लागतील, की दोघांपैकी कोणीही आणि मागे राहील तो? 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' हे शब्द आमच्याकडे इंग्रजीचं अक्षर न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहेत. तिथे बँक 'आई आणि/किंवा मुलगा' लिहून घेत नाही, कारण चुकीच्या माणसाला पैसे गेले तर भरपाई बँकेच्या गळ्यात.

ही रेघ खुद्द इंग्रजीत कशी आली, ती गोष्टही बंदरावरचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका जहाजाच्या भाडेकरारात लिहिलं होतं की जहाज साखर, काकवी 'आणि/किंवा' इतर कायदेशीर माल भरून आणील. करार कोर्टात गेला, आणि साध्या दोन उभयान्वयी अव्ययांवर इंग्लंडच्या न्यायाधीशांना डोकं खाजवावं लागलं. तेव्हापासून इंग्रजीतच या जोडाला जितक्या शिव्या बसल्या तितक्या आपल्या शुद्धिवाद्यांनाही सुचलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली याला दोन तोंडांचा शाब्दिक राक्षस म्हटलं, आणि आपल्याला काय म्हणायचंय हे कळण्याइतकी मेहनत किंवा अक्कल नसलेल्या कुणाच्या तरी डोक्यातून हा जन्मला, असंही वर सुनावलं. १९४४ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड सायमन यांनी त्याला अनौरस अव्यय ठरवलं. म्हणजे ज्याला आमची एक फळी 'इंग्रजीची देणगी' समजून डोक्यावर घेते, ते इंग्रजीच्या घरातलंच वाया गेलेलं कार्टं आहे.

आणि चांगल्या इंग्रजीने ही फट कशी बुजवली तेही आपल्याकडेच पाहायला मिळतं. मराठीच्या ऱ्हासाचं खापर ज्याच्या डोक्यावर फोडायची आपल्याला सवय आहे, त्या मेकॉलेच्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा केला. ती १८६० साली मंजूर झाली. तिच्यातलं चोरीचं कलम ३७९ आठवा: तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. संहिताभर 'किंवा दोन्ही' हा पालुपदासारखा येतो. रेघ नाही, कोडं नाही, आणि कोणती शिक्षा द्यायची हे न्यायाधीश ठरवणार हेही उघड. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण 'किंवा दोन्ही' तसंच राहिलं. दीडशेहून अधिक वर्षं माणसांना तुरुंगात पाठवायला जी शब्दयोजना पुरली, ती पाणीपट्टीच्या नोटिशीला का पुरू नये?

आता खास मराठीचं दुखणं, जे दोन्ही फळ्यांच्या नजरेतून सुटलं. इंग्रजीत 'अमुक अँड/ऑर तमुक शॅल पे' असं लिहिलं की वाक्य सरळ पुढे जातं, कारण 'शॅल पे'ला एक माणूस आहे की दोन याची पर्वा नाही. मराठी क्रियापद तसं बेपर्वा नाही. बागेचा मालक आणि ती खंडाने, म्हणजे ठरलेल्या मोबदल्यावर, घेणारा खंडकरी, हे दोघं घ्या. 'मालक किंवा खंडकरी खर्च भरील.' 'मालक आणि खंडकरी खर्च भरतील.' मग 'मालक आणि/किंवा खंडकरी खर्च' काय? भरील की भरतील? मुलगा आणि/किंवा मुलगी हजर राहिला, राहिली की राहिले? आपल्या व्याकरणाने लिहिणाऱ्याला दारातच अडवून विचारलेला हा प्रश्न आहे: एक की दोन, आधी सांग. फारसी शब्द आले ते मराठीचे प्रत्यय लावून आले. अर्जाला, वारसाने, दस्तात. त्यांनी वाक्याची मोडतोड केली नाही. हा जोड मात्र वाक्याच्या शेपटीवरच पाय देतो.

यातून पळवाट नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि कचेरीतल्या माणसाला ती तोंडपाठ आहे: 'खर्च मालक आणि/किंवा खंडकरी यांनी करावयाचा आहे.' क्रियापद आता खर्चाशी जुळलं, माणसं 'यांनी'च्या पदराआड गेली, व्याकरण शांत. सरकारी मराठीत 'करावयाचा आहे', 'घेण्यात यावी', 'राहील याची नोंद घ्यावी' यांचं इतकं पीक का, हे मला या एका वाक्यावरून समजलं. करणारा झाकला की एक-दोनची कटकट उरत नाही.

मला समजलं ते पुस्तकातून नव्हे, मामाच्या कलमांमुळे. देवगडच्या बाजूला कातळावर मामाची हापूसची सव्वाशे कलमं आहेत. गुडघे गेले तेव्हा त्याने बाग खंडाने दिली. कागद मीच करून दिला, म्हणजे मुंबईहून कोणीतरी पाठवलेला इंग्रजी नमुना समोर ठेवून मराठीत उतरवला. त्यात एक कलम असं उतरलं: 'बागेची फवारणी व देखरेख मालक आणि/किंवा खंडकरी यांनी वेळेवर करावयाची आहे.' मला ते तेव्हा फार वकिली आणि भारदस्त वाटलं होतं. पालवीवरची फवारणी खंडकऱ्याने केली. पुढे मोहोर फुटला, थंडी लांबली, पुन्हा मोहोर आला, आणि जानेवारीच्या शेवटी फुलकिडे पडले. खंडकरी म्हणाला, जास्तीची फवारणी मालकाकडे, कागदात मालकाचं नाव आधी आहे. मामा म्हणाला, खंड घेतला त्याने करायचं, जगाची रीत आहे. आठ-दहा दिवस या बोलाचालीत गेले. फळ आलं ते खरवडल्यासारख्या करड्या सालीचं. आतून हापूसच, पण वाशीच्या बाजारात अशा पेटीला कोण उभं करतो? एप्रिलमध्ये दोघं मामाच्या ओट्यावर बसले, कागद मध्ये. मामाने चष्मा लावून ते कलम दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "फवारणी कोणी मारूची, ता खंय लिवलेला आसा?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी दोघांचीही नावं लिहिली होती आणि काम कोणालाच दिलं नव्हतं.

माझा एक वकील मित्र यावर म्हणतो की ढिलाई कधी कधी मुद्दाम ठेवावी लागते. उद्या पैसे वसूल करायची वेळ आली तर मालकाच्या मागे लागू, नाहीतर खंडकऱ्याच्या, नाहीतर दोघांच्या. सगळी दारं उघडी हवीत. मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी कायद्याने कधीच शब्द ठरवून ठेवले आहेत. १९३२ च्या भागीदारी अधिनियमात प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला इतरांसह मिळून आणि एकटाही जबाबदार असतो. 'मिळून आणि एकेकटेही जबाबदार': चार शब्द, रेघ नको, आणि वसुलीला कोणाच्याही दारात जायची मोकळीक. मित्राला जे हवं ते त्याला यातून मिळतं. 'आणि/किंवा'तून त्याला मिळते ती फक्त पुढची तारीख. मनाईच्या फलकांवर तर त्याची गरजही नसते. 'जेटीवर जाळी किंवा मासळी सुकत घालू नये' म्हटल्यावर दोन्ही सुकत घालणारा सुटेल असं कोणत्या खलाशाला वाटतं? आणि मुभा द्यायची असेल तर, 'सोलकढी, ताक किंवा दोन्ही'.

राहिला भाषांतराचा बहाणा: मूळ इंग्रजीतच तसं आहे, आम्ही काय करणार? पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं तेव्हा एकाच पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ ठेवले, एक इंग्रजी, एक मराठी. मराठी गद्य छापण्याची वहिवाटही तेव्हा नीट पडलेली नव्हती. तरी मराठीच्या वाचकाला शेजारच्या स्तंभात डोकावल्याशिवाय मजकूर कळावा, एवढ्यासाठीच तर तो दुसरा स्तंभ होता. आजच्या नोटिशीचं मराठी पान मात्र इंग्रजी पान शेजारी घेतल्याखेरीज उलगडत नाही. आणि इंग्रजी पानावरही तीच रेघ असते, तेव्हा मग उलगडायला कोणीच उरत नाही. आमच्याकडे अजून ग्रामसभेत नोटीस मोठ्याने वाचतात. ग्रामसेवक त्या ठिकाणी येतो, एक क्षण अडखळतो आणि 'आणि किंवा' असं घाईने म्हणून पुढे जातो. समोर बसलेल्यांनी त्यातलं काय धरायचं? दस्ताच्या शेवटी आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो, 'अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून दिले'. मी मामाच्या कागदावरही ते लिहिलं होतं. राजीखुशी होती.

यंदा बाग पुन्हा त्याच माणसाला दिली आहे. भांडण झालं तरी कलमं ओळखणारा दुसरा मिळत नाही. कागद या वेळी मामाने सांगितला आणि मी उतरवून घेतला. 'मोहोरापर्यंतच्या सर्व फवारण्या खंडकरी करील. मोहोर दुसऱ्यांदा आल्यास पुढच्या प्रत्येक फवारणीचं औषध मालक देईल, मजुरी खंडकरी देईल.' वाचून दाखवलं तेव्हा दोघांनी एकाच ठिकाणी मान हलवली. राखणीचं कलम अजून कोरं आहे. गुरख्याचा पगार खंडकरी द्यायला तयार आहे, पण वांदरांसाठी लागणाऱ्या जाळीचे पैसे कोणाचे, यावर बोलणं अडलंय, आणि मामा म्हणतो ठरेपर्यंत सही नाही.